टर्कीचा मीटलोफ कोरडा का होतो आणि मऊ, रसाळ कसा करायचा

ताई, तुम्ही लिहिलंय की लेक पाच वर्षं अमेरिकेत राहून परत आलीय, तिला तिथला टर्कीचा मीटलोफ, म्हणजे टिनमध्ये भरून ओव्हनमध्ये भाजलेली खिम्याची जाड वडी, आठवतो, म्हणून तुम्ही खटपट करून टर्की मिळवली, चिकनवाल्याकडून नुसत्या छातीच्या मांसाचा एक किलो खिमा करून घेतला, त्यात तीन अंडी, मोठी वाटीभर टोस्टचा कोरडा चुरा, कच्चा कांदा घातला, ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, २०० डिग्रीवर सव्वा तास ठेवला आणि बाहेर आली ती वीट. कापताना भुगा पडला, घशाखाली उतरेना, आणि टिनच्या तळाशी मात्र वाटीभर पाणी साचलेलं. आता विचारताय की पुढच्या वेळी दूध जास्त घालू का.

दूध जास्त घातलं तर तळाशी वाटीभर ऐवजी दीड वाटी पाणी दिसेल, एवढंच. तुमच्या टिनमधल्या त्या पाण्यातच सगळं उत्तर आहे बघा. पाणी मांसात होतंच की, कच्च्या मांसाचा साधारण पाऊण भाग पाणीच असतं, ते बाहेर पडलं कारण आत धरून ठेवणारं काही नव्हतं आणि आच इतकी लागली की मांसानं ते पिळून टाकलं. मी १४ वर्षं जहाजावरच्या किचनमध्ये काढली, तिथं आठवड्यातून एकदा तरी मीटलोफ असायचा, आता इथं सोलापुरात होटगी रोडला छोटं केटरिंग चालवतो, तर तेव्हापासून आजपर्यंत हा पदार्थ बिघडलेला बघितला तो बहुतेक वेळा याच दोन कारणांनी बघितला. पाणी धरणारं काही नाही, आणि आच जास्त.

आधी आचेचंच सांगतो, कारण तिथंच सगळ्यात जास्त नुकसान होतं. कोंबडी, टर्की असल्या पक्ष्यांचा खिमा आतपर्यंत ७४ डिग्री सेल्सिअसला पोचला की खायला सुरक्षित होतो. खिम्याला हे पाळावंच लागतं, कारण अख्ख्या तुकड्यात जंतू बहुतेक वरवर असतात पण दळताना ते सगळीकडे मिसळतात. पण ७४ म्हणजे ७४, ९० नाही. तुमचा लोफ सव्वा तासानंतर मधोमध ९० च्या घरात गेला असणार असा माझा अंदाज आहे, आणि कडेचा भाग त्याहून वर. मटणाच्या खिम्यात चरबी असते, थोडं जास्त शिजलं तरी ती जिभेला ओलसर लागते, टर्कीच्या छातीच्या मांसात चरबी जवळजवळ नाहीच, त्यामुळे तिथं चूक झाकायला काही उरत नाही.

म्हणून पहिली खरेदी ही की सुईचा थर्मामीटर घ्या. ऑनलाइन काही शे रुपयांत डिजिटल मिळतो. वेळ बघून मीटलोफ काढायचा नसतो, प्रत्येक ओव्हन वेगळा, प्रत्येक टिन वेगळं, लोफची जाडी वेगळी. रंगावर तर अजिबात जाऊ नका, टर्कीचं मांस नीट ७४ ला शिजलं तरी कधीकधी आत गुलाबीसर राहतं आणि बायका-माणसं घाबरून अजून वीस मिनिटं ठेवतात, तिथंच घात होतो. सुई बाजूनं, लांबीच्या दिशेनं मधोमधपर्यंत घालायची, तळाला टेकू द्यायची नाही. मी ७२ ला बाहेर काढतो, वर फॉइल सैल झाकतो, आतली उष्णता दोन-तीन डिग्री अजून चढते, मग परत सुई घालून ७४ झालं का ते बघतो, नसेल झालं तर परत आत. घरात म्हातारी माणसं किंवा गरोदर बाई असेल तर हा खेळ करू नका, सरळ ओव्हनमध्येच ७४ दिसू द्या आणि मग काढा, बाकी नीट केलं असेल तर त्या दोन डिग्रीनं काही कोरडा होत नाही.

आता पाणी धरायचं कसं. तुम्ही टोस्टचा कोरडा चुरा घातला, तो कोरडा चुरा काय करतो तर आधीच चरबी कमी असलेल्या मांसातलं पाणी स्वतः पितो. तोच ब्रेड आधी दुधात भिजवून लगदा करून घातला की उलटं होतं. हॉटेलवाले याला पॅनाड म्हणतात. ब्रेडमधला स्टार्च दूध पिऊन फुगतो, त्याची मऊ पेस्ट मांसाच्या कणांमध्ये जाऊन बसते, त्यामुळे कण एकमेकांना घट्ट आवळत नाहीत आणि जे पाणी सुटतं ते ही पेस्ट धरून ठेवते. ९०० ग्रॅम खिम्याला साध्या पांढऱ्या ब्रेडच्या ३ मोठ्या स्लाइस, कडा काढायची गरज नाही, आणि १२० मिली दूध. दहा मिनिटं भिजू द्या आणि काट्यानं कुस्करून एकजीव करा, गुठळी राहिली तर कापताना पांढरा ठिपका दिसतो.

सोलापुरात राहून एक गोष्ट मी करून बघितली आणि मला ती मनापासून आवडली, ती म्हणजे आपली ज्वारीची कडक भाकरी. घरात डबाभर असतेच की ओ. अर्धा ब्रेड आणि अर्धी कडक भाकरी घ्यायची, भाकरी मिक्सरला रव्याएवढी बारीक करायची आणि कोमट दुधात कमीत कमी २० मिनिटं भिजवायची, दूध थोडं जास्त लागतं, दोन-तीन चमचे. चव छान खमंग येते. पूर्ण भाकरीचा केला तर मात्र लोफ कापताना सुटतो आणि थोडा रवाळ लागतो, म्हणून अर्धं-अर्धंच. ओट्स घातले तरी चालतात, पण तेही आधी भिजवूनच.

ही मांसात भाकरी-ब्रेड मिसळायची गोष्ट काही आजची नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकातल्या मंदीत मांस परवडेना तेव्हा थोड्या खिम्यात ब्रेड, ओट्स घालून घरभर पुरवायची पद्धत घरोघर पसरली आणि मीटलोफ तिथला रोजचा पदार्थ झाला. आपण शामी कबाबात चणाडाळ घालतो ते तरी दुसरं काय. म्हणजे ब्रेड घातला म्हणजे भेसळ केली असं मनात आणू नका, मीटलोफ मऊ असतो तो त्या ब्रेडमुळेच.

खिम्याबद्दल आता. तुम्हाला हलका हवा म्हणून तुम्ही नुसती छाती घेतली, हेतू चांगला पण हिशोब बघा. अमेरिकेत टर्कीचा खिमा ९३/७ असा लिहून मिळतो, म्हणजे वजनाच्या ७ टक्के चरबी, आणि नुसत्या छातीचा असतो त्यात साधारण १ टक्का. ९०० ग्रॅमच्या लोफच्या ८ जाड चकत्या केल्या तर एका चकतीत ११० ग्रॅमच्या आसपास मांस येतं, म्हणजे एका माणसामागे फरक पडतो सुमारे ७ ग्रॅम चरबीचा, दीड छोटा चमचा तेल समजा, ६० कॅलरीच्या आसपास. एवढ्यासाठी अख्खा पदार्थ वाया घालवायचा का? मांडी आणि छाती मिसळून घ्या, निम्मं-निम्मं, आणि चरबी कमी करायचीच असेल तर सोबतच्या बटाट्यात लोणी कमी घाला. छातीचाच खिमा हातात असेल तर दोन मोठे चमचे तेल किंवा लोणी कांदा परतताना वाढवा, काम होतं.

चिकनवाल्याला सांगताना दोन गोष्टी ठासून सांगा. खिमा जाडसर जाळीचा आणि एकदाच काढायचा, दोनदा मशीनमधून काढला की पेस्ट होते आणि शिजल्यावर रबर लागतो. आणि मशीनमध्ये टाकायच्या आधी मांस चांगलं गार असू दे. टर्की इथं रोज मिळणारा पक्षी नाही, पाळणाऱ्या माणसाकडे आधी सांगून ठेवावं लागतं आणि बहुतेक अख्खाच घ्यावा लागतो, म्हणून एकदा आणला की ४५०-४५० ग्रॅमची चपटी पाकिटं करून फ्रीजर. वापरायच्या आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये काढायचं, ओट्यावर ठेवून वितळवायचं नाही. टर्की आपल्याकडे नवा म्हणतात लोक, पण जहांगीर बादशहाकडे १६१२ साली गोव्याहून आणलेला टर्की पोचला होता आणि उस्ताद मन्सूरनं त्याचं सुंदर चित्र काढलं होतं, तेव्हा आपली ओळख तशी ४०० वर्षांची आहे. आणि नाहीच मिळाला तर ६०० ग्रॅम चिकनच्या मांडीचा आणि ३०० ग्रॅम छातीचा खिमा घ्या, पुढचं सगळं असंच्या असं लागू पडतं.

कांदा कच्चा घालू नका. दोन मध्यम कांदे अगदी बारीक चिरून चमचाभर तेलात मंद आचेवर ८-१० मिनिटं, रंग आणायचा नाही, नुसता मऊ. कच्चा कांदा लोफच्या आत शिजत नाही, कचकच राहतो आणि त्याच्या बाजूनं चीर पडते. त्याच कढईत २०० ग्रॅमचं मश्रूमचं पाकीट अगदी बारीक चिरून घाला, मीठ चिमूटभर, आधी ते भरपूर पाणी सोडतं, ते आटेपर्यंत परता, शेवटी ५-६ लसूण पाकळ्या. मश्रूममुळे दोन गोष्टी होतात, टर्कीला स्वतःची चव कमी असते ती भरून निघते, आणि मश्रूमचे कण शिजूनही मऊ राहतात, मांसासारखे आवळत नाहीत. घरात कुणी मश्रूम खात नसेल तर दुधी किसून, मीठ लावून दहा मिनिटांनी घट्ट पिळून तसाच परतून घाला, १५० ग्रॅम पुरे. चव मश्रूमची येत नाही पण मऊपणा येतो. हे सगळं पूर्ण गार झाल्याशिवाय खिम्यात जाता कामा नये.

अंडी तीन घातलीत तीही जास्त झाली. पांढरा बलक शिजून घट्ट होतो, तीन अंड्यांनी लोफ ऑम्लेटसारखा ताठ होतो. ९०० ग्रॅमला एक अख्खं अंडं आणि एक पिवळा बलक. मीठ सपाट दीड छोटा चमचा म्हणजे ९ ग्रॅमच्या आसपास, मिरपूड एक छोटा चमचा, सोया सॉस एक मोठा चमचा, वूस्टर सॉस मिळाला तर तोही एक मोठा चमचा, नाहीतर चिंचेचा घट्ट कोळ एक छोटा चमचा. परदेशी रेसिपीत थाइम असतं, ते नसेल तर ओव्याची दोन बोटांची चिमूट चुरडून घाला, दोन्हीत थायमॉल हाच वासाचा पदार्थ असतो त्यामुळे जवळची चव येते, पण चिमूटच बरं का, ओवा वर यायला वेळ लागत नाही. कोथिंबीर मूठभर. काळा मसाला, गरम मसाला घालू नका असं मी सगळ्यांना सांगतो, तो पदार्थ वाईट लागत नाही पण तुमच्या लेकीला जी चव आठवतेय ती ही नव्हे.

आता मिसळणं, आणि इथं मला जरा थांबायचंय. आपल्याकडे बायकांचा हात भाकरीच्या पिठाला सरावलेला, ज्वारीचं पीठ तळहातानं रगडून रगडून मळायचं तेव्हा भाकरी थापता येते, तोच हात खिम्यात पडला की संपलं. मीठ लागलेलं मांस जितकं मळाल तितकं त्यातलं एक प्रथिन सुटतं आणि चिकट होतं, मायोसिन त्याचं नाव, मग सगळं एकमेकांना धरून बसतं. रमजानमध्ये विजापूर वेशीत शीक कबाबवाले बघितलेत ना, ते खिमा मुद्दाम मळतात, कारण त्यांना तो सळईला धरून राहायला हवा, खाली पडायला नको. त्यांच्या कामाला ते अगदी बरोबर. मीटलोफला सळई नाही, त्याला टिन आहे, त्याला चिकटपणा नको. म्हणून आधी मोठ्या परातीत पॅनाड, अंडं, सॉस, मीठ, गार झालेला कांदा-मश्रूम हे सगळं एकत्र फेटून घ्यायचं आणि खिमा सगळ्यात शेवटी, तुकडे तुकडे करून वर पसरायचा. बोटं काट्यासारखी उघडी ठेवून खालून वर उचलायचं, दाबायचं नाही. एका मिनिटाच्या आत थांबा. थोडं रंगीबेरंगी दिसलं तरी चालेल. जहाजावर पहिल्या महिन्यात मी मशीनच्या भांड्यात दहा मिनिटं फिरवून दिला होता, तो लोफ उसळत होता अक्षरशः, मुख्य कुकनी अख्खा ट्रे बाजूला ठेवला आणि दुसरा माझ्याकडून हातानं करून घेतला, ते मी अजून विसरलो नाही.

चव बघायची तर कच्चं तोंडात घालू नका. चमचाभर मिश्रण तव्यावर टिकलीएवढं भाजून खा, मीठ-तिखट कळतं.

सोलापूरचा उन्हाळा लक्षात ठेवा. बाहेर ४२-४३ असताना किचन काही थंड नसतं, आणि हवा ३२ च्या वर असेल तर कच्चा खिमा एकूण एक तासाच्या वर बाहेर राहू द्यायचा नाही. चिकनवाल्याकडे जाताना बर्फाचा डबा न्या. परात बर्फाच्या पाण्यावर ठेवून मिसळा, मांस गार असलं की चिकटही कमी होतं. मिश्रण करून ठेवायचं असेल तर आकार देऊन फ्रीजमध्ये, पण त्याच दिवशी भाजा.

एका मोठ्या लोफऐवजी दोन छोटे करा. मोठा लोफ मधोमध ७४ होईपर्यंत कडा वाळून गेलेल्या असतात, छोट्यात तो फरक कमी राहतो. टिनला बटर पेपर लावा, दोन्ही बाजूंनी बाहेर येईल असा, म्हणजे उचलून काढता येतो. भरताना दाबून ठोकून भरू नका, मोकळं सोडा आणि वरून ओल्या हातानं गुळगुळीत करा. गोमांसाचा मीटलोफ बरेच जण ट्रेवर मोकळा थापून भाजतात, त्यात चरबी भरपूर असते म्हणून ते जमतं, टर्कीला मात्र टिनच बरं, बाजूंनी वाळत नाही.

ओव्हन २०० नाही, १७५. ओटीजीवर मात्र विश्वास ठेवू नका, माझ्या पहिल्या ओटीजीची बटणाची खूण आणि आतली खरी उष्णता यात २० डिग्रीचा फरक होता, आत ठेवायचा छोटा ओव्हन थर्मामीटर मिळतो तो घेतला तेव्हा कळलं. १५ मिनिटं आधी तापवा, दोन्ही रॉड चालू, जाळी मधली, खाली एका पसरट भांड्यात गरम पाणी ठेवा म्हणजे आतली हवा कोरडी राहत नाही. ओटीजीचा वरचा रॉड फार जवळ असतो, त्यामुळे पहिली २५ मिनिटं वर फॉइल झाका, मग काढा. छोटे लोफ ४० ते ५० मिनिटांत होतात, पण ३५ व्या मिनिटाला पहिल्यांदा सुई घाला.

वरचा ग्लेझ, म्हणजे लोफवर लावायचा गोड-आंबट लेप, सोपा आहे, १०० मिली टोमॅटो केचप, एक मोठा चमचा व्हिनेगर, एक मोठा चमचा चिरलेला गूळ, गूळ विरघळेपर्यंत गरम करायचं. परदेशात ब्राउन शुगर घालतात, गुळानं तीच खोल गोडी येते, उलट मला जास्तच आवडते. फॉइल काढल्यावर एक हात, आणि दहा मिनिटांनी दुसरा. सुरुवातीलाच लावला तर साखर करपते.

बाहेर काढल्यावर १२-१५ मिनिटं सुरी लावू नका. गरम असताना कापला की रस फळीवर वाहून जातो, थोडा निवला की तोच रस लगद्यात मुरतो आणि चकती अखंड निघते. सुरी धारदार, लांब पात्याची, अंगठ्याएवढी जाड चकती.

ओव्हनच नसेल किंवा लाइट गेली तर आपली कोथिंबीर वडीची पद्धत आहे ना, तीच. मिश्रणाचे जाड रोल करून तेल लावलेल्या चाळणीत ठेवून ३०-३५ मिनिटं वाफवायचे, इथेही सुईनं ७४ बघायचं, मग निवल्यावर चकत्या करून तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी लालसर करायच्या आणि शेवटी ग्लेझ. वाफेवर वाळायचा प्रश्नच येत नाही, भाजलेली कड मात्र मिळत नाही, ती तव्यावर थोडी भरून निघते.

उरलेला फ्रीजमध्ये झाकून ३ दिवस छान राहतो. गरम करताना मायक्रोवेव्हमध्ये उघडा ठेवू नका, परत वीट होईल, पसरट भांड्यात दोन चमचे पाणी किंवा स्टॉक घालून झाकण ठेवून मंद आचेवर वाफ येईपर्यंत. आणि एखादी चकती गारच ठेवा, दुसऱ्या दिवशी पातळ कापून ब्रेडमध्ये, थोडं मोहरीचं सॉस, कांद्याची चकती. तुमची लेक तिथं असताना डब्यात बहुतेक हेच नेत असेल, विचारून बघा तिला.